पीएचपी आणि एचटीएमएलची खिचडी: या चुका टाळा

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास झाला की पोट्ट्यांना पहिलं काम मिळतं ते बहुधा एखाद्या जिनिंगच्या नाहीतर कृषी केंद्राच्या वेबसाइटचं. कापूस, तूर, सोयाबीनचा रोजचा भाव दाखवायचा, एवढंच. पानाची मांडणी एचटीएमएलची, आणि भाव आणून त्यात भरणारा सर्व्हरवरचा कोड पीएचपीचा. लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, चढवलं की बोंब.

सगळ्यात जास्त दिवस खाणारी चूक म्हणजे 'हेडर्स ऑलरेडी सेंट' (हेडर आधीच गेले) हा संदेश देणारी. भाव भरणाऱ्याने पासवर्ड टाकला की त्याला पुढच्या पानावर पाठवायचं असतं. ते काम हेडर, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला दिलेली सूचना, करतो, आणि हेडर पानाच्या मजकुराआधीच जावा लागतो. आधी एक स्पेस जरी ब्राउझरकडे निघाली तरी वाट बंद. लॅपटॉपवर हे लपून राहतं, कारण झॅम्पमध्ये (लॅपटॉपवर पीएचपी चालवणारं सॉफ्टवेअर) आउटपुट बफरिंग 4096 बाइटवर लावलेलं असतं. तेवढा मजकूर पीएचपी स्वतःजवळ थांबवून धरतं. होस्टिंगवर ते बंद असलं की पितळ उघडं पडतं.

मग सुरू होते शोधाशोध. संदेशाच्या शेवटी लॉगिन फाइलची 20 वी ओळ लिहिलेली असते, म्हणून दोन दिवस त्याच ओळीची उलथापालथ चालते. कंसातलं कोणी वाचत नाही. 'आउटपुट स्टार्टेड ॲट' याच्या पुढे जी फाइल आणि जी ओळ दिली आहे, चोर तिथे बसलाय.

तिथे 1 नंबरची ओळ असेल आणि त्या ओळीत <?php या सुरुवातीच्या खुणेशिवाय काहीच दिसत नसेल, तर तो बॉम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण. मराठीत लिहिणाऱ्यांना हा हमखास भेटतो. नोटपॅडमध्ये 'कापूस' लिहून एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह केलं की प्रश्नचिन्हं उरतात, म्हणून यूटीएफ-8 निवडतात. 2019 च्या आधीच्या विंडोजमधलं नोटपॅड त्यासोबत फाइलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट चिकटवतं. नोटपॅड प्लस प्लसच्या एन्कोडिंग मेनूत जाऊन फाइल बॉम नसलेल्या यूटीएफ-8 मध्ये बदला आणि पुन्हा चढवा.

ओळ फाइलच्या शेवटची असेल, तर ?> नंतर रिकाम्या ओळी सुटल्या आहेत. त्या खुणेला लागून आलेली एक नवी ओळ पीएचपी गिळतं, दुसरी बाहेर जाते. ज्या फाइलमध्ये नुसता कोडच आहे तिथे शेवटी ?> लिहूच नका. चालतं.

यावर क्लासमध्ये शिकवलेला उपाय म्हणजे पहिल्या ओळीत ओबी-स्टार्ट, म्हणजे आउटपुट बफरिंग स्वतः सुरू करणं. ते गळक्या टिनाखाली गंज (भांडं) ठेवण्यासारखं आहे. गळती तशीच राहते. डेटाबेस, तपासणी, हेडर हे सगळं फाइलच्या वरच्या भागात उरकावं आणि त्याखाली फक्त एचटीएमएल असावं. हेडरच्या पुढच्याच ओळीत एक्झिट लिहावं. ते नसेल तर ब्राउझर दुसऱ्या पानावर जातो खरा, पण सर्व्हर खालचा कोड चालवतच राहतो, आणि लॉगिन न केलेल्यालाही भाव बदलता येतो.

दुसरी खोड म्हणजे लोकांनी भरलेलं जसंच्या तसं छापणं. गावाच्या नावाच्या रकान्यात कोणी स्क्रिप्ट टॅग टाकला, तर तो पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर चालेल. छापताना, दरवेळी, एचटीएमएलस्पेशलकॅर्स हे फंक्शन लावा, ते टॅगला साधा मजकूर करून टाकतं. साठवताना नाही, नाहीतर पुढे दोनदा लागून पानावर अँड-चिन्हांचा कचरा दिसतो. आणि लांब नावं सबस्ट्रने, म्हणजे बाइट मोजून, कापू नका: यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटचा, कात्री मधेच बसते. पीएचपी 8.1 च्या आधी असं तुटलेलं नाव एचटीएमएलस्पेशलकॅर्समध्ये गेलं की पूर्ण गायब व्हायचं. वर्ण मोजून कापणारं एमबी-सबस्ट्र वापरा.

अख्खं टेबल एकोमध्ये (पीएचपीची छापायची आज्ञा) अवतरणं कोंबून छापणं बंद करा. प्रत्येक नोंदीसाठी तेच पुन्हा चालवणाऱ्या फॉरईच आणि एंडफॉरईचच्या मध्ये सरळ एचटीएमएल लिहा, किंमत (व्हॅल्यू) <?= ने छापा.

नुसतं <? टाळा, बऱ्याच होस्टिंगवर ते बंद असतं. मग कोड चालत नाही, पानाच्या सोर्समध्ये जसाच्या तसा जातो, डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तोही. फाइलला एचटीएमएल हे एक्सटेन्शन दिलं तरी बहुतेक ठिकाणी हेच होतं. आणि फाइल डबल-क्लिक करून 'पीएचपी चालत नाही' म्हणू नका, लोकलहोस्टवरून उघडा.

जावास्क्रिप्टला (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) पीएचपीतली किंमत द्यायची तर जेसन-एन्कोड या फंक्शनने. अवतरणांत टाकलेलं नाव कधीतरी फुटतंच.

पान पांढरं पडलं तर ॲट-चिन्ह (@) लावून चूक झाकू नका, होस्टिंगच्या पॅनलमध्ये एरर लॉग उघडा. तिथे 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम' दिसलं तर फाइलच्या नावाची स्पेलिंग तपासा: इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर विंडोजला सारखंच, होस्टिंगवरच्या लिनक्सला नाही.