घोरणं म्हणजे गाढ झोप नाही! झोपेच्या बाबतीत या चुका टाळा

"घोरतोय म्हणजे मस्त झोप लागलीय" हे ऐकलं की मला खरंच राग येतो. जोरात घोरणं, मधेच एकदम शांत, दहा-पंधरा सेकंदांनी गुदमरल्यासारखा श्वास आणि परत घोरणं सुरू, हा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार असू शकतो. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त सकाळी डोकं जड, तोंड कोरडं आणि दिवसभर पेंग.

आमच्या शेजारचे काका सिग्नलला गाडी थांबली की पेंगायचे, बीपीच्या गोळ्या वाढल्या तरी बीपी उतरेना, आणि घरचे म्हणायचे वय झालं. शेवटी काकूंना म्हटलं, रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढा. छातीच्या डॉक्टरांनी तो बघितला आणि लगेच स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो ते मोजणारी तपासणी लिहून दिली. तासाला 5 च्या आत श्वास अडणं नॉर्मल, 30 च्या वर गंभीर, काका त्या गंभीरमध्ये निघाले. मग सीपॅप मशीन आलं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, आणि मास्क टोचतो म्हणून आठवड्याच्या आत कपाटावर गेलं! एवढी घाई का करता हो? मास्कचा साइज बदलून मिळतो, प्रेशर ॲडजस्ट होतं, दुपारी टीव्ही बघताना लावून बसा म्हणजे सवय होते. काकांना तसंच बसवलं, आता ते मशीनशिवाय झोपत नाहीत.

दुसरी चूक, कुणाकडून तरी मागून घेतलेली झोपेची गोळी. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ॲप्निया असेल तर अल्प्राझोलामसारख्या गोळीने श्वास आणखी अडू शकतो, दारूचंही तेच. आणि रोज घेत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आठवड्यातून तीन रात्री झोप नाही आणि असं तीन महिने चाललंय, तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टरकडे जा. सीबीटी-आय नावाची गोळ्यांशिवायची थेरपी असते, तिच्याबद्दल आवर्जून विचारा.

संध्याकाळी पाय वळवळतात, हलवले की बरं वाटतं? बाम चोळत बसू नका, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) तपासा.

मूल तोंड उघडं ठेवून रोज घोरतं? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

घड्याळातला स्लीप स्कोअर म्हणजे निदान नव्हे.

पन्नाशीनंतर कुणी झोपेत ओरडायला, लाथा-बुक्क्या मारायला लागलं तर कृपा करून दृष्ट काढत बसू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, कारण काही जणांमध्ये हे पार्किन्सन्सचं फार आधी दिसणारं लक्षण असतं. तोवर पलंगाजवळचं टेबल आणि काचेच्या वस्तू लांब सरकवा.

आणि गाडी चालवताना डोळा लागत असेल तर अपॉइंटमेंट मिळेपर्यंत चावी दुसऱ्याकडे द्या.