मंडळीला सणासुदीचं पत्र लिहायचं तर

आपल्याकडे खानदेशात नाताळ, ईस्टरला चर्चच्या मंडळीत जे पत्र निघतं त्यात बहुतेक वेळा उपासना किती वाजता, प्रभुभोजन कधी, वर्गणी कोणाकडे जमा करायची एवढंच असतं आणि खाली पाळकसाहेबांची सही. माहिती लागतेच, पण ती मागच्या बाजूला छापा. पुढची बाजू माणसांसाठी ठेवा, आणि खास करून जी माणसं त्या रविवारी बाकावर नसणार त्यांच्यासाठी.

लिहायला बसायच्या आधी चर्चचं कॅलेंडर आणि शेतीचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून बघा. आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो, तेव्हा इकडे कापूस वेचणी चालू असते आणि नवापूर, धडगावकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, घरी फक्त म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा वेळी "सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे" हे वाचून त्या म्हातारीला काय वाटत असेल? त्यापेक्षा असं लिहा:

"ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम. वेचणी चालूये, बोटं चिरलीत, संध्याकाळी पाठ टेकली की डोळा लागतो हे आम्हाला माहितीये. तरी रविवारी या, शेतातून थेट आलात तरी चालेल, कपडे कोणी बघणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या प्रत्येक घराचं नाव त्या दिवशी प्रार्थनेत घेणार आहोत. तुमचं माणूस तिकडे असेल तर नाव आधी कळवा."

बघा, यात उपदेश कुठेच नाहीये, तरी धीर आहे. आणि नावं घेऊ असं लिहिलं की मग घ्यायचीच, विसरायचं नाही.

लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासकाळाचे, 40 दिवस रविवार सोडून मोजतात, 2026 मध्ये त्याचा पहिला दिवस भस्म बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. या पत्रात उपासाचे नियम सांगत बसू नका, दिवसभर उन्हात केळीचे घड वाहणारा माणूस उपाशी कसा राहणार, त्याला रोज संध्याकाळी घरच्यांसोबत एक छोटा भाग वाचायला सांगा, तेवढं जमतं. पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा सण, ईस्टर धरून 50वा दिवस, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये, भुसावळ-जळगावचं ऊन तेव्हा 45 च्या घरात जातं, पण तोवर तोडीवरची माणसं परत आलेली असतात म्हणून माझ्या मते वर्षातलं सगळ्यात मोठं स्वागताचं पत्र हेच असायला पाहिजे. उपासना सकाळी लवकर ठेवा आणि तेही पत्रातच सांगा. हंगामाच्या सणाला पिकातला वाटा चर्चमध्ये अर्पण करतात आणि त्याचा लिलाव होतो, त्या पत्रात मात्र एक ओळ हवीच, की ज्याचं पीक गेलं त्याने रिकाम्या हाताने यावं, लिलावात बोली लावली नाही तरी चालेल. ही ओळ नसेल तर तो माणूस लाजेने येतच नाही.

भुसावळला रेल्वेत बदली होऊन येणारी कुटुंबं असतात, तालुक्याला नवीन नर्स, शिक्षक येतात. त्यांना वेगळं पत्र द्या, चपला बाहेर काढतात का, संडे स्कूल किती वाजता, बायामाणसं कुठे बसतात, आल्यावर कोणाला भेटायचं. पहिल्या पत्रात वर्गणीचा विषय काढायचा नाही म्हणजे नाही.

ज्या घरात यंदा मयत झालीये त्यांचा तो पहिला नाताळ असतो. छापील पत्राखाली पेनने दोन ओळी लिहा, गेलेल्या माणसाचं नाव घालून. आजाऱ्याचं नाव पत्रात टाकायच्या आधी घरच्यांना विचारा, आजार कुठला ते तर लिहूच नका.

लांबी? बायबलमधलं पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र बघा, 25 वचनांत स्वागत, आभार, विनंती, सलाम सगळं येतं. तेवढं पुरे. शास्त्रवचन एकच घ्या आणि पूर्ण लिहा, नुसता अध्याय-वचनाचा आकडा दिला तर कोणी उघडून बघत नाही. अक्षर मोठं ठेवा, आणि छापायच्या आधी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा कारण बऱ्याच घरात नातू वाचतो आणि आजी ऐकते, जिथे वाचणारा अडखळतो ते वाक्य तोडा.

तोडीवर गेलेल्यांना कागद पोचत नाही, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवा, आणि ती अहिराणीत, मावचीत, पावरीत, ज्या घरात जी बोली असेल तीत, मंडळीतल्याच कोणाकडून बोलून घ्या. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून माणसं निघायच्या आधीच, दिवाळीच्या सुमाराला, सगळ्यांच्या फोनमध्ये मंडळीचा नंबर सेव्ह करून द्या.