दहावीनंतरची शाखा निवडताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की शाखा निवडण्याची जी लगबग सुरू होते, तिच्यात सर्वांत मोठी चूक नकळत घडते: निर्णय घेतल्यावर हायसे वाटले, म्हणजे निर्णय बरोबरच असणार, असे गृहीत धरले जाते. गणिताची धास्ती घेतलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानला गणित सोडतो, त्या रात्री निवांत झोपतो आणि बारावीत गेल्यावर त्याच्या लक्षात येते की अभियांत्रिकीच्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) पीसीएम, म्हणजे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित, हा गट आता आपल्याला देता येणार नाही. वैद्यकीय शाखेकडे जायचे ठरलेले असेल, तर गणित खुशाल सोडावे. पण आपण ते विचाराने सोडतो आहोत की भीतीने, हे आधी तपासायला हवे. त्यासाठी निर्णय कागदावर लिहावा, त्यामुळे कोणता मार्ग बंद होतो ते खाली नोंदवावे आणि दोन दिवसांनी, मन शांत असताना, ते पुन्हा वाचावे.

याच्या उलट चूक म्हणजे प्रत्येक निवड काळ्या दगडावरची रेघ मानून धास्तावणे. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीला जाता येते, दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवता येतो आणि उपजिल्हाधिकारी पदाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे एकदा नीट सांगावे, कारण बरेचदा मुलांपेक्षा त्यांचीच काळजी अधिक असते.

मैत्रिणीने भरले म्हणून तेच महाविद्यालय पहिल्या पसंतीला टाकणे महागात पडते. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेत पहिली पसंती मिळाली की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हुकतात. अर्ज शेवटच्या रात्री, रडून झाल्यावर किंवा घरात वाद झाल्यावर भरू नये, हे वेगळे सांगायला नको (तरी सांगावे लागते!).

झोप उडणे, जेवण न जाणे, छातीत धडधडणे हे दोन-दोन आठवडे चालले, तर ‘निकालाचे टेन्शन’ म्हणून दुर्लक्ष करू नये. टेली मानस या सरकारी सेवेच्या 14416 क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. शाखा ठरायची बाकी असतानाही हा फोन करता येतो.