दोन बॅटरीच्या इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या बदलायच्या असंन तर आधी हे करा

उन्हाळा लागला की गावात घरोघरी हेच सुरू होते, लाइन गेली की पंखा अर्धा तास फिरते आन् इन्व्हर्टर बोंबलायला लागते, मंग माणूस सरळ दुकानात जाऊन नवी बॅटरी उचलून आणते. माझं म्हणणं एवढंच हाय का पैसे काढायच्या आधी बॅटरी खरंच मेली का ते पाहा, आन् मेली असंन तर दोन्ही सोबत बदला.

तपासणं सोपं हाय. बॅटरी फुल चार्ज होऊ द्या, मंग इन्व्हर्टर बंद करून वायर काढून तीन-चार तास तशीच ठेवा आन् मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. एकेका बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट आले तर ठीक, 12.2 म्हणजे जवळपास अर्धीच भरली, आन् फुल चार्जनंतरही 10.5 च्या आसपास दाखवत असंन तर एक सेल गेला समजा, कारण बॅटरीत आतून सहा सेल, म्हणजे कप्पे, राहतात आन् प्रत्येकाचे दोन व्होल्टच्या जरासे वर. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, भेटला तर अजून बरं. ट्युब्युलर (नळीदार प्लेटीच्या) बॅटरीत फुल चार्जला 1.240 च्या जवळ रीडिंग येते, पाच सेल 1.230 आन् एकच 1.150 दाखवत असंन तर ती बॅटरी वाचत नाही.

पण शेतातल्या घरी राहणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. कृषी फीडरवर, म्हणजे शेतीपंपाच्या वेगळ्या लाइनवर, वीज दिवसातले मोजके तासच राहते, आन् रिकामी 150 एएचची (अँपिअर-अवर, बॅटरी किती साठवते त्याचं माप) बॅटरी 15 अँपिअरनं भरायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे ती रोज अर्धपोटीच राहते आन् प्लेटीवर सल्फेट, म्हणजे क्षाराचा कडक थर, जमते. अशी बॅटरी मेल्यासारखी वाटते पण गावात आणून एकदा सलग पूर्ण चार्ज केली तर कधी कधी चांगली निघते. टर्मिनलवर पांढरा-निळा थर असला तरी बॅकअप पडते, तो आधी साफ करून पाहा.

आता दोन्ही सोबत का? 24 व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या सिरीजमधी, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून, राहतात, दोघीतून करंट सारखाच जाते. एक नवी एक जुनी म्हणजे जुवाला एक गोऱ्हा आन् एक म्हातारा बैल, जुनी लवकर रिकामी होते आन् चार्जिंगला नवीच्या वाट्याचा हिशोबही बिघडते, मंग नवीही वेळेआधी जाते. एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच महिन्यात बनलेल्या घ्या. दुकानातच मीटर लावा, 12.5 च्या खाली असंन तर दुसरी मागा, लय दिवस पडून राहिलेली ती.

मोठी बॅटरी घ्यायच्या आधी लोड मोजा. 12 व्होल्ट 150 एएचच्या दोन म्हणजे 3600 वॅट-अवर, त्यातले अर्धेच वापरले तर बॅटरी टिकते. तीन जुने पंखे 225 वॅट, बल्ब-राउटर धरून 300 झाले, इन्व्हर्टरचा लॉस काढून पावणेपाच तास चालंन. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे), 30 वॅटचे, केले तर आठ तासाच्या वर जाते. माझ्या मते पहिला पैसा पंख्यावर लावा.

बदलतानी इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला, हातातल्या अंगठ्या-बांगड्या-कडे काढलेले. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना एका वेळी प्लसला आन् मायनसला टेकला का ठिणगी नाही, आगच दिसते. जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा. मायनस आधी सोडा, प्लस मंग. एकेक बॅटरी पन्नास-साठ किलोची, दोघांनी उचला आन् तिरपी करू नका, ॲसिड सांडते. वायरीच्या टोकावरचा थर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा. नव्यात एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडपट्टीनं जोडा, उरलेल्या दोन टोकांवर मीटर लावा, 25 व्होल्टच्या आसपास आलं तरच पुढं जा. आता लाल वायर प्लसला, शेवटी काळी मायनसला. शेवटची वायर टेकतानी बारीक ठिणगी येते, भिऊ नका. नट घट्ट पण जोर नको, शिसं मऊ राहते. कसून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. पहिल्यांदा पूर्ण चार्ज झाल्याशिवाय लोड टाकू नका.

पाणी फक्त डिस्टिल्ड. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचा खारपाणपट्टा तर तुम्हाला माहीतच हाय, बोअरचं पाणी टाकलं का प्लेटी खराब झाल्याच, आरओचंही नको. चार्जिंगनंतर निशाणीपर्यंतच भरा.

जागेचं मनावर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात 45-46 डिग्री जाते, आन् टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. 25 डिग्रीच्या वर दर आठ-दहा डिग्रीला बॅटरीचं आयुष्य जवळपास अर्धं होते. म्हणून मातीच्या किंवा उत्तरेकडच्या थंड खोलीत, खिडकीजवळ ठेवा. देवघराच्या खाली तर बिलकुल नको, चार्ज होतानी हायड्रोजन निघते आन् वर निरांजन जळत राहते, हा खेळ नाही.

या ॲसिडच्या बॅटरीऐवजी लिथियमची बॅटरी घ्यायची असंन तर इन्व्हर्टरमधी लिथियमचा मोड हाय का ते आधी पाहा, नसंन तर जुन्या चार्जिंगवर टाकू नका.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका जो ॲसिड नाल्यात ओतते, तेच पाणी झिरपून विहिरीत येते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमानुसार जुनी बॅटरी परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यावर हाय, म्हणून ती ॲसिडसकट दुकानात परत द्या. तिचा भाव नव्या बिलातून कमी करून घ्या आन् वॉरंटी कार्डावर दोन्ही बॅटऱ्यांचे नंबर, तारीख आन् शिक्का तिथंच उभं राहून टाकून घ्या.