कॅराव्हॅनचा मुक्काम आणि हवामानाचे इशारे : या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये आम्ही इंदूरहून भाड्याची कॅराव्हॅन घेऊन मांडूला गेलो होतो. गाडीत सहा माणसं, त्यांत पाच स्मार्टफोन, आणि त्यांतल्या चार फोनांवर हवामानाचं काही ना काही ॲप. रात्री सव्वादोनला मला उठवलं ते सासूबाईंनी. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. "अगं, आभाळ फार वाजतंय, ते बाहेरचं छत आत घ्या," म्हणाल्या. आम्ही दार उघडेपर्यंत गाडीच्या कडेला ओढून लावलेलं कापडी छत, ज्याला कॅराव्हॅनवाले ऑनिंग म्हणतात, वाऱ्याने उलटून टपावर आपटलं होतं आणि त्याचा एक पाइप वाकला होता. पाऊस पाऊण तासच झाला. पण सकाळी मागची दोन्ही चाकं काळ्या मातीत रुतलेली होती. शेजारच्या शेतातल्या दादांनी ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली, पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला.

धार जिल्ह्यासाठी मेघगर्जना आणि जोराच्या वाऱ्याचा इशारा त्या रात्री निघालेला होता. आमचा एकही फोन वाजला नाही. घरी आल्यावर मी चारही फोन समोर घेऊन बसले आणि प्रत्येक फोन गप्प का राहिला ते शोधलं. चार फोन, तीन वेगळी कारणं. कॅराव्हॅन घेऊन निघणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गाडी पुढे गेली, ॲप घरीच राहिलं

माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये 'इंदूर' हे शहर कायमचं निवडलेलं होतं. नणंद पुण्याहून आलेली, तिच्या फोनमध्ये पुणं. दोन्ही ॲप आपापल्या गावाची अचूक माहिती देत होती आणि आम्ही झोपलो होतो मांडूत.

आपल्याकडे ही चूक फार सहज होते, कारण इंदूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी तासाभरात जिल्हा बदलतो. मांडूच्या रस्त्याला पीथमपूर आलं की धार जिल्हा लागलाच. खंडवा रोडने सिमरोल, चोरलपर्यंत आपण इंदूर जिल्ह्यात असतो, बडवाह खरगोन जिल्ह्यात आणि ओंकारेश्वर खंडवा जिल्ह्यात. म्हणजे जेमतेम 80 किलोमीटरांत तीन जिल्हे. महेश्वरही खरगोनमध्येच. आणि भारतीय हवामान विभागाचे इशारे निघतात ते जिल्ह्यावार. इशाऱ्याच्या रंगांत इंदूर हिरवं (इशारा नाही) आणि खंडवा नारिंगी (तयार राहा), असं एकाच दिवशी असू शकतं. त्यात घाट उतरलं की माळव्याचं पठार संपून निमाड सुरू होतं. उंची बदलते, उकाडा बदलतो, पावसाची तऱ्हाही बदलते. घरच्या अंगणातल्या आभाळावरून महेश्वरच्या रात्रीचा अंदाज बांधता येत नाही.

उपाय सोपा आहे. निघण्याआधी कागदावर मुक्कामाचं गाव आणि त्यापुढे जिल्हा लिहून घ्या. वाटेत लागणारे जिल्हेही लिहा. हवामान विभागाच्या 'मौसम' ॲपमध्ये मुक्कामाजवळचं ठिकाण शोधून जोडून ठेवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' हे ॲप तुम्ही असाल त्या जागेचे इशारे देतं, शिवाय हवं ते राज्य किंवा जिल्हा निवडूनही इशारे मागवता येतात. मी आता दोन्ही करते. फोनला जागा सापडली नाही, तरी निवडलेल्या जिल्ह्याचा इशारा येतो. परत आल्यावर जुने जिल्हे काढून टाका. नाहीतर नको त्या गावांचे इशारे इतके वाजतात की कंटाळून माणूस आवाजच बंद करतो.

इशारा आला, आवाज आला नाही

नवऱ्याच्या फोनवर ॲप नीट होतं, जिल्हाही बरोबर होता. पण संध्याकाळी बॅटरी 18 टक्क्यांवर आल्यावर त्याने बॅटरी सेव्हर लावला होता. बॅटरी सेव्हरमध्ये फोन मागे चालणारी ॲप झोपवून टाकतो. सकाळी चार्जिंगला लावल्यावर रात्रीचे तीन इशारे एकदम येऊन पडले. भाच्याचा फोन तर चार्ज होता, इशाराही वेळेवर आला होता. पण रात्री अकरा ते सकाळी सात 'डू नॉट डिस्टर्ब' लावायची त्याची रोजची सवय. स्क्रीन उजळली आणि विझली, एवढंच.

तुमच्या फोनवर इशारे येत नसतील तर या क्रमाने तपासा. आधी ॲपची लोकेशनची परवानगी बघा. 'ॲप वापरताना फक्त' असं निवडलेलं असेल तर ॲप बंद असताना त्याला तुमची जागा कळतच नाही; 'नेहमी' हवं. मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनांमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू लागतं. त्यानंतर नोटिफिकेशनमध्ये जाऊन त्या ॲपच्या इशाऱ्यांना 'डू नॉट डिस्टर्ब'मधूनही वाजायची मुभा द्या.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अँड्रॉइड फोन काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या स्वतःहून काढून घेतो. आपण हवामानाची ॲप उघडतो ती पावसाळ्यात. दिवाळीनंतर ती पडून राहतात, आणि मे महिन्यात आपण 'ॲप तर आहेच की' या भरवशावर निघतो. म्हणून प्रत्येक हंगामाच्या पहिल्या सहलीआधी हे सगळं पुन्हा एकदा बघावंच लागतं.

ॲपशिवायचाही एक इशारा असतो. मोबाइलच्या टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनांवर एकदम जाणारा. 2023 मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा देशभर फोन मोठ्याने किंचाळले होते, ते तुम्हाला आठवत असेल. त्याला इंटरनेट लागत नाही, टॉवरची रेंज मात्र लागते. त्या चाचणीच्या वेळी वैतागून अनेकांनी हे इशारे बंद करून टाकले. सेटिंगमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' शोधा आणि ते परत चालू करा.

आणि फोन ठेवता कुठे, तेही महत्त्वाचं. कॅराव्हॅनचं अंग पत्र्याचं असेल तर आत रेंज कमी होते. खालच्या बर्थच्या कोपऱ्यात, उशीखाली ठेवलेल्या फोनपर्यंत इशारा पोचेलच असं नाही. आम्ही आता एक फोन खिडकीच्या काचेला लागून, चार्जिंगला लावून ठेवतो, आवाज पूर्ण वाढवून. दोन फोनांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर आणखी चांगलं. घाटाखाली एकाची रेंज जाते तिथे दुसऱ्याची असते.

पिवळ्याला सोडून दिलं

हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग आता पाठ झालेत. पण घरात बसलेल्या माणसाचा पिवळा आणि कॅराव्हॅनमध्ये झोपलेल्या माणसाचा पिवळा एक नसतो, हे ॲप सांगत नाही.

हवामान विभागाच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटर पाऊस झाला की तो 'भारी', 115.6 पासून 'अति भारी' आणि 204.4 च्या वर 'अत्यंत भारी'. माळव्यातल्या काळ्या मातीला 64 मिलिमीटरची वाट बघावी लागत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते, एका चांगल्या सरीत वरचा थर लोण्यासारखा होतो. तीन टनांहून जड गाडी त्यावर रात्रभर उभी असेल तर सकाळी ती स्वतःच्या ताकदीने निघत नाही. म्हणून आमचा नियम असा : पिवळा दिसला की गाडी मुरमावर, दगडी फरसबंदीवर किंवा डांबरावर न्यायची, तोंड रस्त्याकडे करून. शेतात, तळ्याकाठच्या हिरवळीवर, नाल्याच्या पात्रात मुक्काम नाही. ऑनिंग आत, बाहेरच्या खुर्च्या आत, झाडाखाली उभी असेल तर गाडी तिथून बाहेर.

पाऊस लागायच्या आधीच्या पंधरवड्यात तर पावसाच्या आकड्यापेक्षा वाऱ्याचा आकडा आधी वाचा. इशाऱ्यात 'ताशी 40 ते 50 किलोमीटर' लिहिलेलं असतं ते नजरेतून सुटतं. आमचं नुकसान पावसाने नाही, वाऱ्याने केलं. एवढ्या वाऱ्यात उंच गाडी घेऊन मानपूरचा घाटही उतरू नये.

इथे पाऊस नाही, म्हणजे नदी शांत

ही चूक सगळ्यात घातक, आणि यात ॲप तुम्हाला वाचवेलच असं नाही.

जुलै 2011 मध्ये इंदूरजवळच्या पातालपाणीच्या धबधब्यावर रविवारची सहल करायला आलेलं कुटुंब खडकांवर उभं होतं. बघता बघता पाण्याचा लोंढा आला, आणि पाच जण वाहून गेले. दोघे वाचले, तिघे गेले. तो व्हिडिओ इंदुरात जवळजवळ प्रत्येकाने पाहिला आहे. अशा जागी पाणी वाढतं ते वरच्या भागात झालेल्या पावसाने. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, ॲपवर तुमच्या जागेपुढे ढगाचं चित्रही नसतं, आणि पाणी मात्र निघालेलं असतं.

नर्मदेचं गणित याहून वेगळं आहे. एप्रिल 2005 मध्ये, भूतडी अमावास्येच्या यात्रेला देवास जिल्ह्यात धाराजीला नर्मदेच्या पात्रात हजारो भाविक होते. वरच्या इंदिरा सागर धरणातून पाणी सोडलं गेलं आणि रात्री पात्रातली माणसं वाहून गेली. एप्रिल महिना, पावसाचा थेंब नाही. त्या रात्री आजची सगळी ॲप हातात असती तरी हवामानाचा एकही इशारा वाजला नसता, कारण ते हवामान नव्हतंच. सप्टेंबर 2023 मध्ये मोठ्या पावसानंतर धरणांचे दरवाजे उघडले तेव्हा ओंकारेश्वर, महेश्वरचे घाट पाण्याखाली गेले होते.

म्हणून नदीकाठी ॲप ही फक्त अर्धी माहिती धरा. ओढ्याकाठी थांबायचं असेल तर वरच्या अंगाला जो जिल्हा, जी गावं येतात त्यांचे इशारे बघा. नर्मदेकाठी थांबायचं असेल तर घाटावरच्या नावाड्यांना विचारा : आज धरणातून पाणी सोडणार आहेत का, भोंगा वाजतो तो इथे ऐकू येतो का, मागच्या वर्षी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. ते लोक नीट सांगतात. गाडी त्या पायरीच्या बरीच वर, आणि पाणी आलं तरी निघायला रस्ता मोकळा राहील अशी लावा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की सामान गोळा करत बसू नका. माणसं वर न्या.

विजेच्या बाबतीत

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप तुमच्याभोवतीच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते दाखवतं. लोक ते उघडतात, आपल्या ठिकाणावर खूण नाही असं बघतात आणि पुन्हा बाहेर जाऊन बसतात. खूण म्हणजे पडून गेलेली वीज. पुढची कुठे पडेल ते ती सांगत नाही. ॲप नसेल तरी चमक आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा; तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळ्यांनी आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

आत म्हणजे पत्र्याच्या अंगाच्या गाडीत, दारं-खिडक्या बंद करून. वीज पत्र्यावरून जमिनीत उतरते, म्हणून आतला माणूस वाचतो. रबराच्या टायरमुळे वाचतो हा समज चुकीचा आहे. त्यामुळे फायबरच्या अंगाची कॅराव्हॅन किंवा टपावरचा तंबू हा आसरा नाही. ऑनिंगखाली बसणं म्हणजे लोखंडी पाइपांना टेकून उघड्यावर बसणं. मुक्कामाच्या जागेवरून वीज घेतली असेल तर ती केबल ढग जवळ येण्याआधी काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

जुना अंदाज ताजा समजून वाचला

महूजवळच्या जानापाव डोंगराच्या बाजूला किंवा घाटाखाली रेंज गेली की ॲप कोरं होत नाही, शेवटची मिळालेली माहिती दाखवत राहतं. दुपारी दोनचा अंदाज रात्री दहाला वाचला जातो. 'अपडेटेड' पुढची वेळ आधी बघा. रडारच्या चित्रावर वेळ बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळ काढायला तिच्यात साडेपाच तास मिळवा. तीन तासांचा तात्काळ अंदाज तीन तासांनंतर रद्दीच. आणि '40 टक्के पाऊस' म्हणजे 40 टक्के वेळ पाऊस नव्हे, किंवा हलका पाऊसही नव्हे. तुमच्या जागी पाऊस होण्याची ती शक्यता आहे. झाला तर धो धो होऊ शकतो.

एकदा खोटा ठरला म्हणून बंद केला

मांडूनंतर दीड महिन्याने आम्ही चोरलजवळ थांबलो. गाडीच्या दाराच्या आत कागद चिकटवला होता : जिल्हा इंदूर, मदतीला 112, गाडी हलवायची तर खंडवा रोडवरच्या ढाब्याच्या पक्क्या आवारात, ढाबेवाल्यांना संध्याकाळीच विचारून ठेवलेलं. रात्री खिडकीतला फोन बघायची पाळी कुणाची, तेही लिहिलेलं. पहिली भाच्याची, मग माझी.

अकरा चाळीसला फोन वाजला. पिवळा, मेघगर्जनेसह. दहा मिनिटांत ऑनिंग गुंडाळली, सगळे आत, गाडी ढाब्याच्या आवारात. मग आम्ही जागे राहून वाट बघितली. सिमरोलच्या बाजूला तासभर चमकत राहिलं, आमच्याकडे चार थेंबही पडले नाहीत. गडगडाटी ढग काही किलोमीटरांचा असतो आणि इशारा अख्ख्या जिल्ह्याचा, त्यामुळे असं अनेकदा होणारच. भाचा म्हणाला, "मामी, उगाच उठलो." सासूबाईंनी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि म्हणाल्या, "झोप आता, पुढची पाळी तिची आहे."