अपडेट चालू असताना लाइन गेली तर

पावसाळ्यात आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात लाइनीचा काही नेम नसतो. कॉम्प्युटरवरच्या लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट निम्म्यावर असताना ती गेली, आणि परत आल्यावर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. मी घाबरून सगळं पुसून नव्यानं टाकलं. लेकीच्या बारशाचे फोटो त्यात गेले, ते अजून सलतं.

पुसायची गरजच नव्हती. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. यूईएफआय (मशीन सुरू करणारी नवी यंत्रणा) असलेल्या नव्या मशीनवर एस्केप एकदाच हलकं दाबा. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड. पुढच्या यादीतलं डीपीकेजी (dpkg, सॉफ्टवेअर बसवणारं साधन) निवडलं की अर्धवट बसलेली पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, पूर्ण बसवली जातात. अर्धवट अपडेटचं दुखणं बहुधा एवढ्यानं जातं. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवरही हेच करायचं.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन आधीपासून असतं, अपडेटआधी त्यात स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या वेळची प्रत, घ्या. पण नीट ध्यानात घ्या: ते सिस्टीमच्या फायली जपतं, तुमचे फोटो नाही. फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर हवेतच. आणि आभाळ भरून आलं असेल तर बॅटरी नसलेल्या डेस्कटॉप कॉम्प्युटरवर अपडेट लावूच नका, सकाळी करा.