पर्कशन रिव्हॉल्व्हरची हाताने बनवलेली रेप्लिका घेताना काय बघायचं

पर्कशन रिव्हॉल्व्हर म्हणजे काडतुसाऐवजी सिलिंडरच्या चेंबरमध्ये (कप्प्यांत) सुटी दारू आणि गोळी भरून मागच्या छोट्या टोपीच्या ठिणगीने उडवायचं जुनं रिव्हॉल्व्हर. आधी मॉडेल पक्कं करा. नुसतं 'जुनं कोल्ट' (ही अमेरिकन कंपनी) म्हणून चालत नाही, १८४७ ची वॉकर, १८५१ ची नेव्ही की १८६० ची आर्मी हे ठरलं पाहिजे, नाहीतर समोरची रेप्लिका बरोबर आहे का ते ताडून बघणार कशाशी?

नेव्हीचंच घ्या, सगळ्यात जास्त नकला तिच्याच निघतात. नळी अष्टकोनी, साडेसात इंच, कॅलिबर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, .३६ इंच. नळी आणि सिलिंडर निळसर काळे, फ्रेम, घोडा (हॅमर) आणि लोडिंग लिव्हर (गोळी आत दाबायचा दांडा) यांवर केस हार्डनिंगचे, म्हणजे धातूचा वरचा थर कडक करताना उमटणारे ढगाळ रंग, आणि चापाचं गार्ड व मुठीची मागची पट्टी पितळेची, बऱ्याचदा वर चांदीचा मुलामा. आता बाजारात पूर्ण पितळी फ्रेमवाली नेव्ही ढिगाने दिसते, चमकते मस्त, पण कोल्टने तशी बनवलीच नव्हती. पितळी फ्रेम होती ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसन या कारखान्याची, आणि त्यांची नळी पुढे गोल, सिलिंडर साधा. त्यामुळे पितळी फ्रेम, अष्टकोनी नळी आणि सिलिंडरवर जहाजांची लढाई असं सगळं एकत्र दिसलं की ती शोभेची वस्तू समजायची, घ्यायला हरकत नाही पण कलेक्शनचा भाव देऊ नका.

त्या लढाईच्या चित्राबद्दल एक गैरसमज आहे. विकणारा म्हणतो हाताने कोरलंय, म्हणजे जास्त अस्सल! अहो, मूळ सिलिंडरवर ते चित्र रोलर डायने (कोरलेल्या रुळाच्या साच्याने) दाबून उठवलेलं असायचं, डाय कोरला होता ऑर्म्सबी नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याने, आणि चित्रातल्या लढाईची तारीख १६ मे १८४३. म्हणून भिंग घेऊन बघा, रेषा बारीक, सलग आणि एकसारख्या हव्यात. वरवर घासल्यासारखं पुसट चित्र असेल तर मग हातकाम कशाचं?

हातकाम खरं कळतं ते कडांवर. पॉलिश करताना घाई केली की अष्टकोनाच्या धारा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात आणि अक्षरं अर्धी पुसली जातात. मग मुठीवरून नखं फिरवा, अक्रोडाचं लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे पायरी लागता कामा नये. आणि लालसर चकचकीत लाखेचं फिनिश दिसलं तर ते आजच्या कारखान्याचं समजा. कोल्टमध्ये नळी पाचरीवर (आडव्या घातलेल्या चपट्या खिळीवर) अडकलेली असते, ती पाचर ढिली आहे का घट्ट बसते ते विचारून काढून बघा, रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरला मात्र सिलिंडरच्या वरून जाणारी फ्रेमची पट्टी असते, तिथे हा प्रश्नच नाही. बघताना घोडा रिकामा सोडू नका हं, निपलची (ज्यावर ती टोपी बसते त्या नळकांडीची) टोकं चपटी होतात, आणि हातात घेतल्या घेतल्या सगळे चेंबर रिकामे आहेत ना ते आधी बघा, रेप्लिका असली तरी तिच्यातून खरी गोळी सुटते.

इटालियन रेप्लिकेवर इटलीतल्या गार्दोने गावच्या बंदूक तपासणी केंद्राचे शिक्के असतात, काळ्या दारूच्या बंदुकीसाठी 'पीएन' (PN) ही अक्षरं, आणि चौकटीत वर्षाचा कोड, १९७५ पासून दोन अक्षरी. काही कारागीर हे शिक्के घासून काढतात आणि वर नकली गंज चढवतात, दिसायला भारी वाटतं, पण पुढच्या हातात तीच वस्तू 'ओरिजिनल' म्हणून विकली जाते. माझ्या मते अशी घेऊच नये. शिक्के ठेवून जुनाट लुक दिलेला असेल तर ठीक. पावतीवर 'प्रतिकृती' असं स्पष्ट लिहून घ्या, आणि परवाना लागतो का ते पैसे देण्याआधी बघा, देशागणिक नियम वेगळे आहेत.

घरी आणल्यावर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवायची नाही, चामडं ओल धरतं, पितळ हिरवं पडतं आणि स्टीलवर डाग येतात. हात लावला की पुसा, वर पातळ तेल किंवा मेणाचा हलका हात, बास.